घरच्या सरपणासाठी चेनसॉ निवडताना

आपण विचारले आहे की, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावच्या घरी बंबासाठी आणि परसातल्या चुलीसाठी लागणारे सरपण स्वतः कापायचे असल्यास कोणता चेनसॉ घ्यावा, तो विजेवरचा असावा की पेट्रोलवरचा, आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ५८ सीसीचे, २२ इंची बारचे (बार म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती लांब पट्टी) यंत्र घ्यायला हरकत आहे का. मीही कोकणातच राहतो आणि आंबा, काजू, आकेशिया यांचे लाकूड घरच्या वापरासाठी दरवर्षी कापतो, त्यामुळे आधी निष्कर्ष सांगतो आणि मग त्यामागची कारणे. लाकूड अंगणात आणून कापायचे असेल तर १६ इंची बारचा, विजेवर चालणारा चेनसॉ घ्यावा. बागेत जाऊन पडलेली झाडे कापायची असतील तर ३० ते ४५ सीसीचा, १४ ते १६ इंची बारचा पेट्रोलवरचा चेनसॉ घ्यावा. आणि दोन्हींपैकी काहीही घेतले तरी त्याची चेन, बार आणि कार्ब्युरेटरचे भाग आपल्या तालुक्याच्या गावी मिळतात की नाही, याची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी. ५८ सीसीचे यंत्र घरगुती सरपणासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात यंत्रापासून न करता लाकडापासून करावी. घरी सरपण म्हणून येणारे बहुतेक लाकूड मनगटापासून मांडीएवढ्या जाडीचे असते. फूट-सव्वा फूट व्यासाचा बुंधा क्वचितच येतो. १६ इंची बार म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर, आणि त्याहून जाड ओंडकाही एका बाजूने अर्धा कापून, फिरून दुसऱ्या बाजूने उरलेला कापता येतो. म्हणजे जो बुंधा वर्षातून एकदा समोर येणार, त्याच्यासाठी वर्षभर लांब आणि जड बार हातात धरून फांद्या कापण्यात काहीच अर्थ नाही. लांब बारचे टोक आपल्या नजरेपासून दूर जाते, पालापाचोळ्यात किंवा मागच्या फांदीत नकळत टेकते, आणि चेनसॉचे सर्वांत वाईट अपघात याच टोकामुळे होतात. शिवाय २२ इंची बारची चेन लांब म्हणजे कानस मारायचे दातही जास्त, आणि इंधन व तेल भरलेले ते यंत्र सहा-सात किलोंच्या घरात जाते. अर्ध्या तासाने हात थकतात आणि थकलेल्या हातांची पकड सैल पडते.

स्वस्त ५८ सीसीच्या यंत्रांबद्दल माझा आक्षेप केवळ आकाराचा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात हजारो झाडे आडवी झाली आणि रस्ते, घरे, बागा मोकळ्या करण्यासाठी जो तो कटर शोधू लागला. त्या वेळी घाईने घेतलेली बिननावाची यंत्रे आज अनेक मांगरांत (शेता-बागेतल्या खोपटांत) पडून दिसतात, आणि ती बंद पडण्याची कारणेही साधी असतात: ऑइल पंपाचा लहानसा प्लास्टिकचा भाग मिळत नाही, स्टार्टरची दोरी ओढणारी चकती तुटलेली असते, किंवा कार्ब्युरेटरचा पडदा कडक झालेला असतो. इंजिन चांगले असते, पण भागच मिळत नाही. नामांकित कंपनीचे लहान यंत्र त्याहून काही पट महाग असते हे खरे. तरी ते दुरुस्त होत राहते, आणि घरगुती वापरासाठी मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, स्टिल कंपनीचा एमएस १८० हा ३१.८ सीसीचा आहे आणि एमएस २५० हा ४५.४ सीसीचा असून बार व चेन सोडून त्याचे वजन सुमारे ४.६ किलो आहे. सरपणासाठी पहिला पुरतो. आकेशिया किंवा जुन्या काजूचे बुंधे नेहमी कापायचे असतील तर दुसरा बरा. हस्कवर्नाचीही याच वर्गातली यंत्रे चांगली आहेत. आपल्या जवळ कोणत्या कंपनीचा दुरुस्ती करणारा माणूस आहे, यावरच निवड करावी.

विजेवरच्या चेनसॉला आपल्याकडे उगाच कमी लेखले जाते. तो दोरी ओढून सुरू करावा लागत नाही, इंधनाची मिसळ करावी लागत नाही, धूर नाही, आवाज बराच कमी, आणि पावसाळाभर ठेवून दिला तरी ऑक्टोबरात पहिल्या बटणाला चालू होतो. मोळ्या अंगणात आणून, लाकडी घोडीवर आडव्या ठेवून, चुलीच्या मापाचे फूट-दीड फुटाचे तुकडे करायचे असतील तर १,८०० ते २,००० वॅटचे यंत्र पुरेसे आहे. अडचण आहे ती वायरीची. २,००० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेते, म्हणून १६ अँपिअरच्या प्लगवरून आणि निदान २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीनेच ते चालवावे. बारीक एक्स्टेन्शन वायर तापते, यंत्राला व्होल्टेज कमी पडते आणि मोटर जळते. गावात संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर कापायचे काम सकाळीच करावे. घराच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवावा, आणि अंगण ओले असताना हे यंत्र बाहेर काढू नये. बॅटरीवरची यंत्रेही आता मिळतात; फांद्या छाटायला ती उत्तम आहेत, पण वर्षभराच्या सरपणासाठी लागणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांची किंमत पाहता मी अजून त्यांची शिफारस करणार नाही.

पेट्रोलवरचे यंत्र घेतल्यास इंधनाकडे फार काटेकोरपणे पाहावे लागते. ही इंजिने टू-स्ट्रोक असतात आणि त्यांचे वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी ऑइलमधूनच होते. बहुतेक चांगल्या यंत्रांना कंपनीच्या दर्जाचे ऑइल वापरल्यास १:५० हे प्रमाण लागते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर; काही यंत्रांना १:२५ म्हणजे ४० मिलिलिटर सांगितलेले असते. माहितीपुस्तिकेत असेल तेच प्रमाण धरावे आणि ते मापानेच घालावे, झाकणाच्या अंदाजाने नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तर पुष्कळ चेनसॉंच्या पुस्तिकेत १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. म्हणून घेताना विक्रेत्याला हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणातल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. मिसळलेले इंधन महिन्याभरापेक्षा जास्त ठेवू नये, आणि मृगाआधी टाकी पूर्ण रिकामी करून, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच ते ठेवून द्यावे. पावसाळ्यानंतर सुरू न होणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेकांचे दुखणे कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले जुने पेट्रोल हेच असते.

आता चेनविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चेनसॉ चांगला की वाईट हे इंजिनाइतकेच चेनच्या धारेवर ठरते. धार असलेली चेन लाकडात आपल्या आपण उतरते आणि खाली जाडसर, लांबट ढलप्यांचा ढीग पडतो. धार गेली की त्या ढलप्यांच्या जागी पिठासारखा बारीक भुसा येऊ लागतो, यंत्रावर भार द्यावा लागतो आणि काप जळकट दिसतो. काप एका बाजूला वळत जात असेल तर एका अंगाचे दात दुसऱ्या अंगाच्या दातांपेक्षा आखूड किंवा बोथट झालेले आहेत असे समजावे. दुकानात चेन मागताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात: पिच (चेनच्या कड्यांमधले अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची, संख्या. त्या बहुधा बारच्या मागच्या टोकाला कोरलेल्या असतात. यंत्र घेतल्या दिवशीच त्या वहीत लिहून ठेवाव्यात. ३/८ इंची पिचच्या लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या, चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते आणि ०.३२५ इंची चेनला ४.८ मिलिमीटरची. कानस ३० अंशांच्या कोनात, दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलावी. मागे ओढताना ती दातावरून उचलावी. प्रत्येक दाताला सारख्याच वेळा मारावी. दोन-तीनदा धार लावून झाल्यावर प्रत्येक दातापुढचा, काप किती खोल जावा हे ठरवणारा उंचवटा सपाट कानशीने थोडा उतरवावा लागतो. तो बहुधा दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली असावा. हे न केल्यास धारदार दातही लाकडाला नीट लागत नाही, आणि जास्त उतरवल्यास यंत्र झटके देते.

मातीने धार किती झटपट जाते याची कल्पना नव्या माणसाला नसते. बुंधा जमिनीवर टेकवून शेवटपर्यंत कापला आणि चेन क्षणभर जरी मातीत शिरली, तरी पुन्हा कानस हातात घ्यावी लागते. म्हणून ओंडक्याखाली आधी दोन दांडे सारावेत. नारळाचा बुंधा बाहेरून कठीण आणि रेषाळ असल्याने चेन लवकर बोथट करतो. फणसाचा चीक चेन आणि बारवर चिकटतो, तो रॉकेलने पुसून काढावा. कुंपणाच्या कडेचे झाड असेल तर आत गेलेली काटेरी तार किंवा खिळा आहे का, हे कुऱ्हाडीने साल सोलून पाहावे.

बारच्या वंगणासाठी गाडीचे काढलेले काळे ऑइल घालण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ते घालू नये. त्यात धातूचे बारीक कण असतात, ते बारची खाच आणि पंप झिजवतात, आणि चेनबरोबर त्याचे तुषार आपल्या हातावर, तोंडावर आणि चुलीत जाणाऱ्या लाकडावर उडतात. पंप चालतो की नाही हे पाहायचे असल्यास बारचे टोक ताज्या कापलेल्या पांढरट लाकडासमोर वीतभर अंतरावर धरून यंत्र थोडे जोरात फिरवावे. लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

सुरक्षेच्या बाबतीत मी आपल्याला आग्रहाने सांगेन. पूर्ण वेगात चेन सेकंदाला २० मीटर किंवा त्याहून जास्त धावते. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग एखाद्या फांदीला लागला, तर चेन तिथे अडकून संपूर्ण बार क्षणार्धात वर आणि मागे, म्हणजे कापणाऱ्याच्या तोंडाकडे आणि मानेकडे फेकला जातो. माणसाला प्रतिक्रिया द्यायला वेळच मिळत नाही. पुढच्या हँडलसमोरचा चेनब्रेक याचसाठी असतो, आणि ज्या यंत्राचा चेनब्रेक खात्रीने काम करत नाही ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलखालून पूर्ण वळलेला असावा, यंत्र खांद्याच्या वर नेऊ नये, आणि शिडीवर किंवा झाडावर चढून तर कधीही चालवू नये. तोंडासमोर जाळी असलेले हेल्मेट, कानांवर मफ, टणक बूट आणि मांड्यांना झाकणारे संरक्षक चॅप्स यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. चॅप्समधले लांब धागे चेनमध्ये गुंतून तिला थांबवतात. तालुक्याच्या दुकानात ते सहसा मिळत नाहीत, पण मागवता येतात. लुंगी आणि चपला घालून चेनसॉ चालवणारी माणसे मी रोज पाहतो, आणि प्रत्येक वेळी काळजी वाटते.

पडलेले झाड कापताना त्याच्यावर ताण कुठे आहे हे आधी ओळखावे लागते. बुंधा दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. वरूनच कापत गेल्यास काप मिटतो आणि बार आत अडकतो. अशा वेळी वरून सुमारे एक तृतीयांश कापून उरलेले खालून वर कापावे. एकच टोक टेकलेले असेल तर याच्या उलट, आधी खालून थोडे आणि मग वरून. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा तोडल्यावर मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसू शकतो, म्हणून त्याच्या मागे कोणालाही, विशेषतः मुलांना, उभे राहू देऊ नये. अशी झाडे सुरुवातीला स्वतः न कापता गावातल्या जाणत्या कटरवाल्याला बोलवावे. किंबहुना आपल्या घरी सरपण फक्त बंबापुरते लागत असेल, तर वर्षातून एक दिवस त्यालाच बोलावणे यंत्र घेण्यापेक्षा स्वस्त पडेल.

उभे झाड तोडण्याचा विचार असल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, साग, खैर, चिंच, हिरडा अशी आपल्या ओळखीची बरीच झाडे आहेत, आणि ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. अर्ज कोणाकडे करायचा ते जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे.

दुकानात गेल्यावर यंत्र खोक्यातच घेऊन येऊ नये. ते आपल्यासमोर थंड असताना सुरू करून दाखवायला सांगावे, गरम झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगावे, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर चेन पूर्ण थांबते की फिरतच राहते हे पाहावे. ती फिरत राहिली तर कार्ब्युरेटरची सेटिंग चुकलेली आहे. त्याच वेळी एक जादा चेन, योग्य मापाच्या दोन गोल कानशी आणि एक स्पार्क प्लग घ्यावा, आणि नवी चेन पहिल्या काही कापांनंतर सैल पडतेच, म्हणून ती कशी आवळायची हे विक्रेत्याच्या हातून नव्हे, तर त्याच्यासमोर आपल्या हाताने करून पाहावे.