वाचकांचे प्रश्न : ‘समानता वाईट’ असं मुलांनी लिहिलं तर?

प्रश्न : मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. गाइडबाहेरचं काही द्यावं म्हणून कर्ट व्हॉनेगट यांची ‘हॅरिसन बर्जरॉन’ ही 1961ची कथा वर्गात घेतली. 2081 सालची अमेरिका. हुशार माणसाच्या कानात आवाज करणारं यंत्र, ताकदवानाच्या अंगावर वजनं, देखण्या चेहऱ्यावर मुखवटा. झाले सगळे सारखे! बहुतेक मुलांनी लिहिलं, ‘समानता वाईट असते, हा बोध मिळतो.’ आता काय करू?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : बाई, कथा झकास निवडलीत. बोध लिहायची खोड मुलांना आपणच लावली, त्यामुळे त्यांच्यावर चिडू नका. पण ते वाक्य तसंच सोडूही नका. बाबासाहेबांचा फोटो ज्यांच्या घरात आहे ती पोरंही हेच लिहून मोकळी होतात, हे मला जास्त खटकतं.

काही दिवस ‘बोध काय?’ हा प्रश्नच बंद ठेवा. त्याऐवजी ‘कुठल्या ओळीवरून म्हणतोस?’ असं विचारा आणि पानावर बोट ठेवायला लावा. खरोखरचं बोट.

सुरुवात कानातल्या यंत्रापासून करा. हॅरिसनचा बाप जॉर्ज टीव्हीवर नाच बघत बसलाय. नर्तकींवर ओझी नकोत असं त्याच्या मनात येतं न येतं, तोच दुधाच्या बाटलीवर हातोडा बसल्यासारखा आवाज. तुरुंगातल्या मुलाचा विचार डोकावतो, की 21 तोफांची सलामी. मुलांना वहीत दोन रकाने आखू द्या : जॉर्ज काय विचार करत होता आणि कोणता आवाज आला. मग विचारा, यंत्र तर दर वीसेक सेकंदांनी वाजतं, मग लेखकानं नेमके हेच आवाज का ऐकवले? इथून विश्लेषण सुरू होतं. पूर्व भागातल्या मुलांना हे पटकन उमगेल. यंत्रमागाच्या खटखटीत बोलणं अर्ध्यावर कसं तुटतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

मग वजनाकडे या. जॉर्जच्या गळ्यात 47 पौंड छर्‍यांची पिशवी आहे, म्हणजे जवळपास 21 किलो. त्याची बायको हेझल सर्वसाधारण बुद्धीची, तिच्यावर काहीच बंधन नाही. विचारा, जॉर्जच्या ओझ्यानं हेझलला काय मिळालं? काहीच नाही. इथं कुणालाच वर उचललेलं नाही, सगळ्यांना खाली ओढलंय. फी माफ करणं आणि पहिल्या नंबरच्या पोराच्या डोक्यात गोंगाट सोडणं यातला फरक मुलं स्वतःच बोलतील.

खरी मेख हॅरिसनमध्ये आहे. मुलं त्याला सरळ हिरो करतात. चौदा वर्षांचा, सात फुटी, बेड्या तोडणारा, टाळ्या पडणारच. पण तुरुंगातून पळून टीव्ही स्टुडिओत घुसल्यावर तो जाहीर काय करतो? ‘मी सम्राट.’ सगळ्यांनी आपलं ऐकायचं! लोकांना सोडवणं कुठंय त्यात? ही जागा दाखवल्यावर वर्गात भांडण लागलं पाहिजे, आणि लागलं तर मिटवायला जाऊ नका. ‘हॅरिसन बरोबर’ म्हणणाऱ्यालाही पूर्ण मार्क द्या, ओळ दाखवली असेल तर.

हॅरिसनला गोळी लागण्याचा प्रसंग आणि त्यानंतर आपण का रडलो हेच न आठवणारी हेझल, हे दुसऱ्या दिवसावर ठेवा. एकाच तासात सगळं उरकलंत, तर घंटेच्या घाईत पोरं पुन्हा बोधच लिहून देतील.