लोटे एमआयडीसीतली दोन वर्षं आधी कागदावर आण, मग अर्ज कर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बीई मेकॅनिकल, लोटे एमआयडीसीत केमिकल प्लँटच्या मेंटेनन्सला दोन वर्षं, कंत्राटदाराच्या रोलवर, हातात १७ हजार. नोकरीच्या साइटवरून शंभरावर अर्ज टाकलेस, एकही फोन नाही. घरी आई एकटी आणि हापूसची थोडी कलमं. राजीनामा देऊन पुण्याला मामाकडे जावं आणि तिथून शोधावं, की कोडिंगचा क्लास लावावा, असं विचारतो आहेस. मी मेकॅनिकलचीच. आधी महाड, मग रोहा, पाच वर्षं गुजरातेत दहेजला आणि आता परत चिपळूणला. गेली आठ वर्षं मेंटेनन्सच्या मुलाखती घेते. माझा धाकटा भाऊसुद्धा तुझ्याहून मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करते.

राजीनामा आत्ता देऊ नकोस. मी २००७ साली महाडची नोकरी वैतागून सोडली, हातात दुसरी नसताना. सात महिने घरी होते. प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न, का सोडली? आणि तीन-चार महिने उलटल्यावर पगाराचा आकडा समोरचाच सांगायला लागला, मी फक्त मान हलवायची. नोकरीत असताना नाही म्हणता येतं, हे मला तेव्हा कळलं. रजा टाकून मुलाखतीला जा, रात्रीची गाडी पकडून जा, पण गेटपास हातात असू दे.

आता खरं दुखणं. तुझ्या रेझ्युमेतलं जे तू इथे लिहिलंस ते असं आहे: ‘पंप, रिअ‍ॅक्टर, कॉम्प्रेसरचं प्रिव्हेंटिव्ह आणि ब्रेकडाऊन मेंटेनन्स केलं.’ हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रेझ्युमेत असतं. त्यातून तू काय केलंस, हे मला काहीच कळत नाही. हेच असं लिहून बघ: ‘५ किलोलिटरच्या एसएस रिअ‍ॅक्टरचं मेकॅनिकल सील दर दोन महिन्यांनी जात होतं. डायल गेज लावून अ‍ॅजिटेटर शाफ्टचा रनआउट मोजला, झिजलेलं स्टेडी बुश बदललं, थर्मोसायफन पॉटची पातळी रोज लॉगबुकात लिहायला लावली. नंतरचे नऊ महिने सील टिकलं.’ म्हणजे काय बिघडलं, कारण काय, तू काय केलंस आणि पुढे काय झालं. अशी चार कामं लिहिलेला मुलगा मी फोन करून बोलावते, मग तो कुठल्याही कॉलेजचा असो.

तू म्हणशील, मी एवढं कुठे केलंय? केलं असशील. छोट्या प्लँटमध्ये माणसं कमी, त्यामुळे सकाळी पंपाचं कपलिंग, दुपारी ब्राइनच्या लाइनचा फ्लँज, रात्री सेंट्रिफ्यूजचं बेअरिंग असं सगळं एकाच्याच अंगावर येतं. मोठ्या कारखान्यात दोन वर्षं एकाच सेक्शनमध्ये काढलेल्या मुलाला हे मिळत नाही. ही तुझी जमेची बाजू आहे आणि तीच तू लिहीत नाहीस. आजपासून एक वही घाल. तारीख, मशीन, काय बिघडलं, कारण काय निघालं, किती तास प्लँट बंद राहिला, पुन्हा बिघडलं का. मागच्या दोन वर्षांचं जुन्या लॉगबुकातून आणि वर्क परमिटवरून आठवून लिही. शटडाऊनमध्ये कुठली कामं तुझ्या अंगावर होती, हाताखाली किती माणसं होती, तेही. फक्त एक पाळ: कंपनीचे ड्रॉइंग, बॅच शीट, प्रॉडक्टची नावं यातलं काही बाहेर न्यायचं नाही, मोबाइलवर फोटोसुद्धा नको. मुलाखतीत ते दाखवणाऱ्याला मी घेत नाही, कारण उद्या तो आमचंही दाखवेल.

ही वही मुलाखतीत कामाला येते. माझा नेहमीचा प्रश्न असतो, पंप खडखड आवाज करतोय, तू पहिल्यांदा काय बघशील? पाठ करून आलेली मुलं थेट कॅव्हिटेशनची, म्हणजे पंपात बुडबुडे होऊन फुटण्याची, व्याख्या सांगतात. काम केलेला मुलगा म्हणतो, आधी टाकीत पातळी आहे का, सक्शनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, स्ट्रेनर चोकलाय का ते बघतो, मग पुढचं. एवढ्यावर अर्धी मुलाखत होऊन जाते. इंग्रजी अडखळलं तर चालतं, आम्ही मराठीत विचारतो.

कंत्राटदाराच्या रोलचं मात्र गांभीर्याने घे. महाडला दर ११ महिन्यांनी आमचा कंत्राटदार बदलायचा. गेट तेच, काम तेच, गेटपासवरचं नाव नवं. तीन वर्षांनी अनुभवाचं पत्र मागितलं तर शेवटच्याने त्याच्यापुरतं दिलं, आधीचे दोघे फोनच उचलेनात. माझी जवळजवळ दोन वर्षं सिद्धच करता आली नाहीत. तेव्हा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, नव्हता, तो २०१४ मध्ये आला. तुझ्याकडे तो आहे, म्हणून आज रात्रीच पीएफचं पासबुक उघड. कुठल्या आस्थापनेने कुठल्या महिन्यात पैसे भरले हे तिथे दिसतं आणि तोच तुझ्या नोकरीचा सगळ्यात पक्का पुरावा आहे. महिने गाळलेले दिसले तर आधी लेखी विचार. कंत्राटदाराने भरला नाही तर मूळ कंपनीवरही जबाबदारी येते. नोकरी बदललीस की पीएफ काढू नकोस, ट्रान्स्फर कर. पगाराच्या स्लिपा दर महिन्याला मागून घे. आणि मार्कशीट, डिग्री सगळं डिजिलॉकरमध्ये टाक. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा कपाटातली कागदपत्रं चिखल होऊन बाहेर निघाली, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

‘कोकणात नोकऱ्याच नाहीत’ हे अर्धंच खरं. तुझ्या कामाला लागणारे प्लँट मोज: महाड, रोह्याचं धाटाव, नागोठण्याचं पेट्रोकेमिकल, थळचा खत कारखाना, डोलवीचं स्टील, जयगडचं १२०० मेगावॉटचं वीज केंद्र, अंजनवेलचं एलएनजी टर्मिनल, रत्नागिरीजवळचा पीव्हीसीचा कारखाना. पुढे पाताळगंगा, तळोजा. सगळीकडे पंप, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह तेच आहेत. पुण्यात मुख्यतः गाड्यांचे आणि सुट्या भागांचे कारखाने. तिथे तुझी दोन वर्षं अर्धीच धरली जातील. कोकणाबाहेर जायचंच असेल तर वापी, अंकलेश्वर, दहेज हा तुझ्या कामाचा पट्टा आहे. मी दहेजला गेले ती त्याच हिशेबाने, आणि माझा पगार खरा वाढला तो तिथे.

अर्ज साइटवर टाकत राहा, पण मेंटेनन्सच्या बऱ्याच जागा आधी ओळखीतच भरल्या जातात. गणपतीत सगळे चाकरमानी घरी येतात. तुझ्या वाडीतलं, कॉलेजच्या वरच्या वर्गातलं कोणी ना कोणी या प्लँटमध्ये असणार. आरतीनंतर गाठ. ‘मला लावा’ म्हणू नकोस, माणूस अवघडतो. ‘तुमच्याकडे मेंटेनन्सला काय विचारतात, माझा रेझ्युमे एकदा बघाल का?’ एवढंच विचार. जागा निघाली की त्याला तुझी आठवण येते. आणि जो नोकरीसाठी पैसे मागेल, नोंदणीचे म्हणून का होईना, त्याच्यापासून लांब राहा.

कोडिंगचा क्लास मनापासून आवडत असेल तरच लाव. फक्त पगारासाठी असेल तर तीच फी आणि तेच महिने बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या परीक्षेच्या तयारीला दे. मोठ्या बॉयलरवर हे प्रमाणपत्र असलेला माणूस कायद्याने लागतोच. अनुभवाची अट बाष्पके संचालनालयाच्या जाहिरातीत नीट वाच. गेट (GATE) या इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि काही सरकारी कंपन्या त्यावर घेतात, पण शिफ्ट करून तो अभ्यास रोज जमेल का ते तूच ठरव.

ऑफर आली की सीटीसी, म्हणजे कंपनीला तुझ्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, बघून हुरळू नकोस. कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी त्यातच धरलेली असते. हातात किती येतील ते लेखी विचार, त्यातून खोली, मेस आणि घरी येण्याजाण्याचं वजा कर. पंचवीस हजारांची बाहेरची नोकरी तुझ्या घरच्या १७ पेक्षा कमी पडू शकते. तेवढीच वाढ असेल तर कंपनी रोल आणि शिकायला काय मिळेल, हे बघून ठरव.

आईचं लिहिलंस ते मनाला लागलं. एप्रिल-मे आंबा उतरवायचे दिवस, तेव्हा तू तिथे हवास. मग जॉइनिंग जूनचं माग. नोटीस पिरियड आहेच, आणि दोन-चार आठवडे थांबायला बऱ्याच कंपन्या तयार असतात, मीही थांबले आहे. वहीतली पहिली चार कामं लिहून झाली की कंपनीचं आणि प्रॉडक्टचं नाव काढून इथे टाक. रविवारी मला वेळ असतो, ओळ न् ओळ बघून देते.