"मॅडम, हा काही खातच नाही!"

मुलांच्या खाण्याच्या तक्रारी घेऊन आई-बाबा माझ्याकडे येतात, आणि माझ्या खोलीत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य हेच. सांगणारी आई रडकुंडीला आलेली असते आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो खोलीभर हुंदडत असतो. असाच एक पावणेदोन वर्षांचा मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

"वजन?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, व्यवस्थित आहे," बाबा म्हणाले.

"पण एक वाटी संपवायला तास लागतो हो! मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. निदान दूध तरी जावं म्हणून चार-पाच बाटल्या देते," आई म्हणाली.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मवेळच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात भर पडते ती दोन-अडीच किलोंची. वाढ मंदावली की भूकही उतरते. त्यात याच सुमारास मुलं नव्या पदार्थाकडे संशयाने बघायला लागतात. दुधाचं म्हणाल तर वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटर पुरे. त्याहून जास्त गेलं तर जेवायला भूक उरत नाही आणि अंगातलं लोह कमी पडण्याचा धोका असतो.

हे सगळं मी सांगितलं, आईने मान डोलावली आणि पुढच्या भेटीत पहिले पाढे पंचावन्न. माहितीने भीती जात नाही, हे माझं जुनं मत.

मग मी आईलाच छोट्या खुर्चीत बसवलं, हातात व्हिडिओ लावलेला मोबाईल दिला आणि बाबांकडे कुस्करलेल्या केळ्याची वाटी. "घरी भरवता तसंच भरवा." पहिला चमचा हसण्यावारी गेला. दुसरा, तोंडातला घास संपायच्या आत आला. तिसऱ्याला बाबा सवयीने "आ कर, शेवटचा हं" म्हणाले आणि ओठाखाली ओघळलेलं केळं चमच्याच्या कडेने खरवडून परत तोंडात सारलं. चौथ्याला आईने ओठ घट्ट मिटले, मान फिरवली.

"अहो थांबा ना, गिळू तरी द्या!"

"केळं गोड होतं का?" मी विचारलं.

"लक्षच नव्हतं. पुढचा चमचा कधी येतोय, एवढंच डोक्यात."

"भूक होती?"

"ते विचारलंत कुठे तुम्ही?" ती फणकारली. आणि स्वतःच चपापली.

मुलांचं भांडण अन्नाशी क्वचितच असतं, ते चमच्याशी असतं. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला याहून चांगली समजावता आलेली नाही.

या बाबतीत मी मुलांच्या पक्षातली आहे, लपवत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२८ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांपुढे निरनिराळे साधे पदार्थ ठेवले आणि काय, किती खायचं ते बाळांवर सोडलं. एकेक जेवण बघितलं तर विचित्र, पण मुलं छान वाढली. यावरून 'मागेल ते द्या' असा अर्थ काढणारे विसरतात की समोरचे पदार्थ मोठ्यांनीच निवडले होते आणि त्यात साखर नव्हती.

तेव्हा आमची वाटणी ठरली. काय, कधी आणि कुठे, हे आई-बाबांनी ठरवायचं. खायचं का आणि किती, हे मुलाने. दोन-तीन तासांच्या अंतराने जेवण किंवा खाऊ, मधे फक्त पाणी. सगळ्यांनी एकत्र बसायचं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. अर्ध्या तासाने न रागावता ताट उचलायचं. नवा पदार्थ नखाएवढा, ओळखीच्या पदार्थाशेजारी. दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, आपण तिसऱ्यांदाच 'आवडत नाही' म्हणून मोकळे होतो. 'भाजी संपव, मग चॉकलेट' हे मात्र अजिबात नको. त्याने भाजी नावडती होते आणि चॉकलेटचा भाव वाढतो.

"आज दुपारी दोनच घास," आईचा फोन आला.

"आठवड्याचा हिशेब बघा, दुपारचा नको."

पुढच्या भेटीत तिने तक्रार केली, की त्याने उकडलेलं गाजर चावलं आणि काढून बाबांच्या ताटात ठेवलं. मी टाळीच वाजवली! न सांगता, स्वतःच्या हाताने गाजर तोंडापर्यंत गेलं होतं. काही दिवसांनी ते पोटातही गेलं.

याहून लहान बाळांच्या आयांसाठी थोडक्यात: सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करा, स्तनपान दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवता येतं. पहिल्या वर्षात मध अजिबात नको, वरून मीठ-साखरही नको. अख्खे दाणे आणि अख्खी द्राक्षं पाच वर्षांपर्यंत नाहीत, घशात अडकतात. खाताना बाळाजवळ बसून राहा.

आणि वजन वाढायचं थांबलं किंवा घटलं, खाताना वारंवार ठसका लागू लागला, किंवा खाण्यातले पदार्थ कमी होत हाताच्या बोटांवर आले, तर माझ्याकडे नंतर या, आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.