अनुदान मागण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था वस्तीतील मुलांसाठी आणि प्रौढांसाठी वर्षभर कार्यशाळा घेते. सार्वजनिक निधीतून आम्ही प्रकल्पासाठी अनुदान मागणार आहोत. तालमीच्या जागेचे भाडे, वीजबिल आणि हिशेब लिहिणाऱ्या व्यक्तीचे मानधन अंदाजपत्रकात दाखवले, तर अर्ज नामंजूर होईल, असे कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे आहे. हे खर्च दाखवावेत की नाही?

उत्तर : जरूर दाखवावेत, ते कोणत्या स्वरूपात दाखवायचे, एवढेच त्या त्या योजनेच्या नियमांवर अवलंबून असते. कायमचा खर्च भलत्याच शीर्षाखाली दडवण्याची सवय अनेक संस्थांना लागलेली असते आणि ती शेवटी त्यांच्याच अंगाशी येते, कारण नेपथ्याच्या रकमेतून भाडे भागवले की लेखापरीक्षणाच्या वेळी नेपथ्याची व्हाउचर कमी पडतात आणि भाड्याच्या पावतीला जागा उरत नाही. ‘संकीर्ण’ या शीर्षाखाली मोठी रक्कम टाकणे तर त्याहून वाईट. छाननी करणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

सरळ मार्ग विभागणीचा आहे. तालमीची जागा महिन्याला १०० तास वापरात असेल आणि त्यांपैकी ४० तास या प्रकल्पाचे असतील, तर भाड्याचा ४० टक्के हिस्सा हा प्रकल्पाचाच खर्च ठरतो आणि तो कसा काढला, हे अंदाजपत्रकाखालच्या टिपेत दोन ओळींत लिहिता येते. ज्या खर्चाची अशी वाटणी करणे अवघड असते, त्यासाठी काही योजनांत ठरावीक टक्केवारी मान्य केलेली असते. अमेरिकेच्या संघराज्यीय अनुदानांत, अप्रत्यक्ष खर्चाचा स्वतंत्र दर ठरवून न घेतलेल्या संस्थांसाठी ही मर्यादा १० टक्के होती. ऑक्टोबर २०२४ पासून ती १५ टक्के करण्यात आली. संस्था चालवायलाही पैसे लागतात, हे देणाऱ्यांनाही उशिरा का होईना मान्य करावे लागते, असा याचा अर्थ. अर्थात नियमांत असा खर्च स्पष्टपणे वगळलेला असेल, तर त्याची मागणी करू नये. पण तो स्वतःच्या वाट्यात दाखवता येतो का, हे विचारून घ्यावे.

हा खर्च तिकीटविक्रीतून का भागत नाही, असा प्रश्न निवड समितीत हमखास निघतो. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली त्याचे कारण मांडले आहे. कारखान्यात यंत्रे आली की तेवढ्याच कामाला कमी माणसे पुरतात. चार वादकांसाठी रचलेली संगीतरचना वाजवायला मात्र आजही चारच वादक आणि पूर्वीइतकाच वेळ लागतो. इतर क्षेत्रांतील वेतन वाढले की कलावंतांचे मानधनही वाढवावे लागते, त्यामुळे प्रयोगाचा खर्च उत्पन्नाच्या पुढेच धावत राहतो. अर्जात हे तुटीचे गणित संकोच न करता मांडावे.

आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. मंजुरीचे पत्र हाती आले म्हणजे पैसे आले असे नव्हे. समजा, मंजूर रकमेच्या १०० भागांपैकी ५० सुरुवातीला, ३० मध्यावधी अहवालानंतर आणि २० लेखापरीक्षित हिशेब सादर झाल्यावर मिळणार आहेत. नाट्यगृहाचे भाडे प्रयोगाआधी भरावे लागते आणि प्रकाशयोजनाकाराचे मानधन त्याच रात्री द्यावे लागते. शेवटचे २० भाग मात्र त्यानंतर काही महिन्यांनी येतात. मधला काळ कोणाच्या खिशातून निघणार, हे कार्यकारिणीने अर्ज करण्यापूर्वीच ठरवावे. निदान शेवटच्या हप्त्याइतकी गंगाजळी नसलेल्या संस्थेने मोठ्या अनुदानाच्या मागे न लागता लहान रक्कम मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : निम्मा खर्च संस्थेने उभा करावा, अशी अट आहे. आमच्याकडे रोख रक्कम नाही, पण स्वयंसेवक भरपूर आहेत. त्यांचे काम संस्थेचा वाटा म्हणून धरता येईल का?

उत्तर : ही अट बऱ्याच ठिकाणी असते. अमेरिकेत १९६५ साली स्थापन झालेली ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ ही संस्थादेखील साधारणपणे प्रकल्पखर्चाच्या निम्म्याहून अधिक रक्कम देत नाही. मात्र स्वयंसेवकांचे श्रम आणि देणगीदाखल मिळालेले साहित्य किंवा जागा संस्थेच्या वाट्यात धरण्यास तिथे मुभा आहे. आपल्या योजनेत वस्तुरूप योगदान चालते का, हे मार्गदर्शक सूचनांत पाहावे आणि चालत असल्यास पहिल्या दिवसापासून एक वही घालावी : तारीख, नाव, केलेले काम, तास आणि सही. त्या कामाला बाजारात जो दर मिळतो तोच लावावा. शिवणकाम करणाऱ्या स्वयंसेवकाला दिग्दर्शकाचा दर लावलेला कोणाच्याही लक्षात येतो. वर्षअखेरीस आठवून भरलेली वहीदेखील ओळखू येते. सगळ्या सह्या एकाच शाईच्या असतात.

प्रश्न : सरकारी पैसा घेतला की आशयावर बंधने येतील, अशी आमच्या सभासदांना भीती वाटते. ती रास्त आहे का?

उत्तर : भीती निराधार नाही. ती कमी व्हावी म्हणूनच अनेक देशांत मंत्रालय आणि कलावंत यांच्यामध्ये एक स्वायत्त मंडळ ठेवले जाते. ब्रिटनमध्ये १९४० साली, युद्धकाळात सुरू झालेल्या समितीचे रूपांतर १९४६ साली राजसनदेने ‘आर्ट्स कौन्सिल’मध्ये झाले, एकूण निधी सरकारने द्यावा, पण तो कोणत्या संस्थेला जावा हे मंडळाने ठरवावे, अशी ती रचना आहे. कॅनडाने १९५७ साली असेच मंडळ स्थापन केले. तरीही हे अंतर नेहमीच टिकते असे नाही. अमेरिकेत १९९० साली अर्जांचा विचार करताना शिष्टतेच्या सर्वसाधारण निकषांचे भान ठेवावे, असे कलम कायद्यात आले आणि १९९८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. म्हणून तत्त्वचर्चेत वेळ न घालवता करारपत्र वाचावे : संहिता आधी सादर करायची आहे का, रक्कम परत मागण्याचा अधिकार कोणत्या कारणांसाठी आहे आणि निर्णयाविरुद्ध दाद कोठे मागता येते. शिवाय एकाच दात्याचा वाटा निम्म्याच्या पुढे गेला, तर करारात काहीही लिहिलेले नसतानाही संस्था आपणहून जपून बोलू लागते.

प्रश्न : कार्यशाळा अपेक्षेपेक्षा कमी खर्चात झाल्या. उरलेली रक्कम पुढील वर्षाच्या कार्यक्रमासाठी ठेवता येईल का?

उत्तर : लेखी परवानगीशिवाय नाही. मुदत संपण्यापूर्वीच शिल्लक रक्कम आणि तिचा प्रस्तावित विनियोग कळवणारे पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. तोंडी होकार लेखापरीक्षकापुढे चालत नाही.