बेटांवरची सुट्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरात आई-वडिलांना घेऊन अंदमानला जायचं आहे. दोघंही सत्तरीचे. सहा रात्री हाताशी आहेत. ट्रॅव्हल एजंटने पहिल्या तीन रात्री पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक आणि नील, आणि शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने परतून दुपारचं विमान असा कार्यक्रम दिला आहे. ठीक आहे का? (वाचक, सातारा)

उत्तर : ठीक नाही, हा क्रम बदलून घ्या. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. खासगी कंपनी तिकिटाचे पैसे परत देईल, पण दुसऱ्या दिवशीच्या बोटीत जागा मिळेलच असं नाही, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून बेटावरून परतायचा दिवस आणि विमानाचा दिवस यांच्यात किमान एक रात्र हवीच. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर दोन.

सहा रात्रींची मांडणी अशी करा : पहिली रात्र पोर्ट ब्लेअर (आताचं नाव श्रीविजयपुरम). दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. तिथे दोन रात्री. मग नील, म्हणजे शहीद द्वीप, एक रात्र. उरलेल्या दोन रात्री परत पोर्ट ब्लेअरला. सेल्युलर जेल आणि रॉस बेट या शेवटच्या दोन दिवसांसाठी राखून ठेवा. बोट एक दिवस उशिरा सुटली तरी मग विमान चुकत नाही, आणि बोट वेळेवर आली तर जेल पाहायला एक पूर्ण दिवस उरतो. सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिने चढावे लागतात, तेव्हा वडिलांना सकाळच्या गारव्यात न्या.

बोटीची तिकिटं विमानाच्या पाठोपाठ काढा, हॉटेल त्यानंतर. नाताळच्या आठवड्यात हॉटेलात खोली मिळते आणि बोटीत जागा नसते, असं बऱ्याच जणांचं होतं. तिकिटावरचं नाव ओळखपत्राप्रमाणेच हवं. खासगी बोटीने हॅवलॉकला साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीने जास्त. वेगाच्या बंद बोटीत खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे बोट लागणाऱ्यांना तिथे जास्त त्रास होतो. जागा मागच्या बाजूला, मधल्या रांगेत मागा. तिथे हेलकावे कमी बसतात. न्याहारी हलकी, पण उपाशीपोटी नको. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात टिकत नाही. आई-वडिलांच्या रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर ही गोळी चालेल का, ते डॉक्टरांना आधी विचारा.

घड्याळाचंही लक्षात घ्या. अंदमान मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, पण वेळ तीच, त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर साडेपाचला पोहोचणाऱ्यांना अंधारच दिसतो. चारलाच तिथे असा. नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट पाहता येतो. वाट ओल्या, शेवाळलेल्या खडकांवरून जाते, गुडघे दुखत असतील तर तो सोडून द्या आणि भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटीत बसवा.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा मात्र कार्यक्रमातून काढाच. पहाटे अंधारात निघावं लागतं, पुढे गाडी, बोट आणि पायपीट. शिवाय तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं हा गुन्हा आहे, आणि माणसं पाहायला म्हणून गाडीत बसणं मुळातच वाईट. आणखी एक : किनाऱ्यावरचे पोवळ्याचे तुकडे आणि शंख पिशवीत भरू नका. विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात, कारवाईही होऊ शकते.

प्रश्न : पोहता येत नाही, चष्मा आहे. हॅवलॉकला स्कूबा करता येईल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : पहिल्या अनुभवाच्या डुबकीसाठी पोहणं यावंच लागत नाही, प्रशिक्षक सतत धरून असतो. वय किमान दहा. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन किंवा गर्भारपण असेल तर नाही. फॉर्मवर हे लपवू नका.

अडचण येते ती बहुतेक कानाची. खाली जाताना पाण्याचा दाब कानाच्या पडद्यावर येतो. नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच हवा फुंकायची, म्हणजे दाब सारखा होतो. हे दुखायला लागायच्या आधी, दर मीटरभराला करायचं. दुखू लागल्यावर जोर लावला तर पडदा फाटू शकतो. अशा वेळी प्रशिक्षकाला खूण करून थोडं वर या. सर्दी असेल तर डुबकी पुढे ढकला. औषध घेऊन नाक मोकळं केलं आणि त्याचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना त्रास होतो.

नंबरचा मास्क मिळेल का ते आदल्या दिवशी विचारा. मिशा असतील तर मास्कच्या खालच्या कडेने पाणी झिरपतं. मिशांची वरची कड थोडी कापून घेतली की कमी होतं. डुबकीनंतर विमानात बसायला किमान १८ तासांचं अंतर ठेवा, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून डुबकी सहलीच्या सुरुवातीला.

प्रश्न : लक्षद्वीपला भारतीयांनाही परवाना का? (वाचक, पुणे)

उत्तर : वस्तीची बेटं दहाच, ती लहान, पाणी आणि जमीन मर्यादित, आणि तिथल्या समाजाला संरक्षण आहे. म्हणून परवाना. आधी राहण्याची सोय किंवा सरकारी जहाजाची सहल पक्की करा, मग पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि ओळखपत्र जोडून अर्ज. दाखल्याला वेळ लागतो, तो सगळ्यात आधी मागा. कोचीहून अगत्तीला विमान जातं, जहाजाला बेटाप्रमाणे साधारण १४ ते २० तास. पावसाळ्यात जाऊ नका. बंगारम सोडून दारूबंदी आहे, आणि वस्तीच्या बेटांवर अंगभर साधे कपडे घाला.

प्रश्न : विमान नको, दोन दिवसांत मुलांना बेट दाखवायचं आहे. (वाचक, डोंबिवली)

उत्तर : अलिबागचा कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला त्याच्या चारही बाजूंनी पाणी असतं. कधी जायचं हे कोळ्यांच्या हिशेबाने काढा : तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३. म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास, आणि ओहोटी सहा-सव्वासहा तासांनी, सकाळी सव्वानऊला. अर्ध्या तासाचा फरक धरा. हा हिशेब कोकण किनाऱ्याचा, अंदमानला चालत नाही.

अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते म्हणून सोयीची वाटते, पण ते भांगाचे, म्हणजे कमजोर भरती-ओहोटीचे दिवस, पाणी पुरतं हटत नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, वाळू छान उघडी पडते, पण ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास. मुलांबरोबर द्वितीया ते पंचमी उत्तम. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्यावर परत या. पाणी मधल्या खोलगट भागात आधी भरतं, किल्ल्यावरून पाहताना ते कळत नाही. वेळ चुकलीच तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यावरच थांबा, बोट मिळते का पाहा, नाहीतर पुढच्या ओहोटीची वाट बघा. म्हणून पाणी आणि खाऊ जास्तीचा न्या. पावसाळ्यात हा बेतच नको.