स्नायू, नस आणि धनुष्याची दोरी

प्रश्न असा आला आहे : पोटरीत गोळा आला की घरातले 'नसेवर नस चढली' म्हणतात, डॉक्टर 'स्नायू आखडला' म्हणतात, आणि बंगाली स्नेही सांगतात की स्नायू म्हणजे नर्व्ह, म्हणजे शरीरात संदेश वाहणारा तंतू. यांपैकी बरोबर कोण?

मराठीत स्नायू म्हणजे मसल, आणि आखडतो तो स्नायूच. एवढ्यावर थांबता आले असते. परंतु 'स्नायूंमार्फत संदेश मेंदूकडे पोहोचतात' अशी वाक्ये हिंदीतून घाईघाईने उतरवलेल्या आरोग्यविषयक मजकुरात मला वारंवार भेटतात, आणि ती वाचून माझेच स्नायू ताठरतात.

मुळात मराठी आणि बंगाली या दोघींनीही हा शब्द आपापल्या सोयीने वळवला आहे. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताने शरीरात 900 स्नायू आणि 500 पेशी मोजल्या आहेत. त्याची पेशी म्हणजे मांसाचा पट्टा, म्हणजेच आपला आजचा स्नायू. आणि त्याचा स्नायू म्हणजे बांधणारी दोरी. अनेक दोरांनी बांधलेल्या फळ्यांची नाव जसा भार पेलते, तसे स्नायूंनी सांधे बांधलेले शरीर भार पेलते, अशी त्याची उपमा आहे. संस्कृतात धनुष्याच्या दोरीलाही स्नायू म्हणत. आता ग्रीक 'न्यूरॉन' पाहा : त्याचा मूळ अर्थ कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी), दोरी, आणि 'स्नायू' व 'न्यूरॉन' ही एकाच प्राचीन धातूची लेकरे आहेत. संस्कृत कोशांत स्नायूला पर्याय म्हणून 'स्नसा' हा शब्द येतो, आणि आपली 'नस' त्याचीच नात. म्हणजे घरातले, डॉक्टर आणि बंगाली स्नेही एकाच कुळातल्या शब्दांवरून भांडत आहेत.

अर्थ असे फुटले कसे? माझे मत असे, की मराठी अर्थ अंगठ्याने ठरवला आणि बंगाली अर्थ डोळ्याने. मालिश करणाऱ्याच्या अंगठ्याखाली ताठ दोरीसारखे जे लागते ते मांस असते. शरीर उघडून पाहणाऱ्याला मात्र कंडरा आणि नर्व्ह या दोन्ही पांढऱ्या दोऱ्याच दिसतात. ग्रीकांचाही हाच घोटाळा झाला होता, आणि इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलस या ग्रीक वैद्याने त्यांतला भेद स्पष्ट केला. हा तर्क कोशकारांना रुचणार नाही, कारण कोशकार सहसा मालिश करून घेत नसावेत.

नर्व्हला मराठीत मज्जातंतू किंवा चेतातंतू म्हणतात. 'मज्जा म्हणजे हाडांतला मगज, म्हणून मज्जातंतू हा शब्द अशुद्ध आणि चेतातंतूच शुद्ध' असे बजावणाऱ्या परिभाषाकारांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. या तंतूंपैकी अनेकांवर जे मेदयुक्त वेष्टन असते, त्याला फिरखो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने 1854 मध्ये 'मायेलिन' हे नाव दिले, ते ग्रीक 'मायेलॉस' म्हणजे मज्जा यावरूनच. तेव्हा हा दोष असेल तर तो एकट्या मराठीचा नव्हे.

शब्दांपेक्षा मला अधिक खटकते ते 'नसांतून करंट वाहतो' हे वर्णन. तारेत वीज वाहते तसे येथे काही वाहत नाही. विश्रांत चेतापेशीची (जिचे लांब तंतू म्हणजे नर्व्हमधले धागे, त्या पेशीची) आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असते, स्नायूपेशीची सुमारे 90. पुरेशी चेतना मिळाली की पेशीच्या पटलातील, म्हणजे पातळ आवरणातील, सोडियमची दारे उघडतात, धनभारित सोडियम आत घुसतो आणि आतली बाजू क्षणभर धन होते. मग पोटॅशियम बाहेर पडून ती पुन्हा ऋण होते. चेतापेशीत हा सारा खेळ एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो. मात्र त्या क्षणात शेजारचा भाग चेतवला जातो, त्यामुळे संदेश फटाक्यांच्या माळेसारखा पुढे सरकतो आणि वाटेत क्षीण होत नाही. फरक इतकाच, की ही माळ लगेच पुन्हा उडवता येते. हॉजकिन आणि हक्स्ली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये माकुळाच्या (स्क्विडच्या) जाड अक्षतंतूवरील, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्यावरील, प्रयोगांतून याचे गणित मांडले.

स्नायूपेशीही अशीच ठिणगी निर्माण करते. चेतापेशीच्या टोकाशी अॅसिटिलकोलीन हे रसायन सुटते, स्नायूच्या पटलावर विजेची लाट उठते, ती आत खोलवर जाऊन कॅल्शियम मोकळे करते आणि स्नायू आकुंचन पावतो. म्हणून स्नायू आणि नर्व्ह यांची गल्लत करणाऱ्या भाषांवर मी फार रागावत नाही; रागावतो तो भाषांतरकारांवर.

राहिला पोटरीतला गोळा. तो स्नायूत येतो हे खरे, परंतु स्नायूला हुकूम देणाऱ्या चेतापेशी अकारण एकामागून एक संदेश सोडू लागतात, असे त्याचे प्रमुख स्पष्टीकरण दिले जाते. तेव्हा घरातल्यांचे 'नस' चुकीचे नाही. 'चढली' तेवढे चुकीचे आहे.