वाचकांचे प्रश्न : चीजस्टेकसाठी बीफचे पातळ काप

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. फिलाडेल्फियासारखा चीजस्टेक, म्हणजे परतलेले बीफचे पातळ काप आणि चीज भरलेला लांबट पाव, घरी करायचा आहे, पण दुकानात रिबआयचे (बरगडीजवळच्या मांसाचे) इंचभर जाडीचे तुकडेच मिळतात. डेली काउंटरवर पातळ कापून मागितलं तर चक्क नाही म्हणाले. पातळ काप मिळतात तरी कुठे?

उत्तर : काउंटर चुकला. डेलीच्या यंत्रावर शिजवलेलं हॅम, टर्की आणि चीज कापतात. त्याच पात्यावर कच्चं मांस घातलं तर त्यातले जंतू पुढच्या गिऱ्हाइकाच्या हॅमला लागतील, म्हणून ते नकार देतात आणि ते बरोबरच आहे. कच्च्या मांसाचा काउंटर वेगळा असतो. तिथे ‘शेव्हड स्टेक’ किंवा ‘चिप स्टेक’ मागा. नुसतं ‘थिन’ म्हणालात तर पाव इंचाचे काप हातात पडतील. तयार नसेल, तर रिबआयचा अख्खा तुकडा निवडून तो कापून द्याल का, असं विचारा. गर्दीच्या वेळी नाही, सकाळी. मऊ मांस यंत्रावर नीट कापलं जात नाही, आधी गार करून घट्ट करावं लागतं. त्यामुळे आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं उत्तम.

याहून सोपी वाट म्हणजे कोरियन किराणा दुकान. तुमच्या एडिसनमध्येच एच मार्ट आहे. तिथे बुलगोगीसाठी (मसाला लावून भाजायचं कोरियन बीफ) आणि शाबू-शाबूसाठी (उकळत्या रश्श्यात बुडवून खायचं जपानी बीफ) कापलेलं मांस तयार मिळतं. शाबू-शाबूचे काप कागदासारखे असतात, तव्यावर त्यांचा भुगा होतो. बुलगोगीचे साधारण दोन मिलिमीटरचे काप चीजस्टेकला चपखल बसतात. फक्त मसाला न लावलेलं पाकीट आहे ना, ते पाहून घ्या. सोया सॉस आणि साखरेत मुरवलेलं पाकीट बहुधा शेजारीच असतं. लॅटिनो दुकानातलं ‘मिलानेसा’ (तळण्यासाठी कापलेलं बीफ) पातळ दिसलं तरी ते बहुधा राउंडचं, म्हणजे मांडीचं असतं आणि जाडही असतं. आणलंत तर घरी आणखी कापावं लागेल.

प्रश्न : घरी सुरीने असे काप होतात का? मी केले तेव्हा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला फाटलेले निघाले.

उत्तर : होतात. सुरीला धार हवीच, पण खरी करामत गारठ्याची आहे. फ्रिजमधून काढलेलं मांस सुरीखाली दबतं, सरकतं, म्हणून काप पाचरीसारखे निघतात. दीड इंच जाडीचा रिबआय घ्या. कडेची कडक चरबी आणि पांढरी शीर काढून टाका, आतली बारीक चरबी मात्र राहू द्या, चव तिच्यातच आहे. कागदाने कोरडा करून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि फ्रीझरमध्ये ४५ ते ६० मिनिटं ठेवा. किलोभराचा जाड ठोकळा असेल तर दोन-अडीच तास. अंगठ्याने दाबून पाहा : वरचा थर कडक लागला पाहिजे, पण जोर दिल्यावर मध्ये किंचित दबला पाहिजे. दगड झाला असेल तर सुरी घसरते आणि बोट कापतं. मग तो दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवायचा.

आता रेषा पाहा. मांसात धागे एका दिशेने गेलेले दिसतात. सुरी त्यांना आडवी चालवायची म्हणजे प्रत्येक कापातले धागे आखूड होतात आणि घास सहज तुटतो. धाग्यांच्या दिशेने कापलेला तुकडा कितीही पातळ असला तरी चावताना दोरी ओढल्यासारखा पावाबाहेर अख्खा येतो. रिबआयमध्ये मधला गोल भाग आणि वरची टोपी यांचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात, म्हणून ते दोन भाग आधी सुटे करून घ्या.

लांब, अरुंद पात्याची सुरी वापरा. दाबू नका, एका लांब ओढीत काप काढा. करवतीसारखी पुढे-मागे केली की कडा फाटतात. अर्धा ठोकळा संपेपर्यंत उरलेला मऊ पडतो, तो पुन्हा पंधरा मिनिटं आत टाका. फूड प्रोसेसरची काप पाडणारी चकतीही चालते, तुकडे नळीत मावतील एवढे करून असेच अर्धवट गोठवून घाला. बटाट्याच्या किसणीवर, मँडोलिनवर मात्र मांस नको. तिथे हात हमखास घसरतो.

प्रश्न : तव्यावर टाकलं की पाणी सुटतं आणि मांस राखाडी होतं. का?

उत्तर : तवा थंड पडतो म्हणून. दोन सँडविचसाठी ३०० ते ३५० ग्रॅम मांस लागतं, ते एकदम टाकू नका. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा, निम्मं मांस पसरा, अर्धा मिनिट हात लावू नका, मग दोन उलथण्यांनी मोडत परता. दीड-दोन मिनिटांत काम झालं. मीठ परतताना घाला, आधी लावून ठेवलं तर पाणी सुटतं. कांदा आधीच आठ-दहा मिनिटं वेगळा परतून ठेवा. शेवटी मांसाचा पावाएवढा लांबट ढीग करा, वर प्रोव्होलोन या इटालियन चीजचे दोन काप ठेवा, त्यावर उघडा पाव पालथा घाला. मिनिटभराने खालून उलथणं घालून सगळं एकदम उलटा.

प्रश्न : वसईत अंडरकट (कण्याखालचा मऊ भाग) मिळतो. त्याचं जमेल का?

उत्तर : जमेल. २०१५पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तुम्हाला मिळतो तो म्हशीचा अंडरकट. तो मऊ असतो, पण चरबी जवळपास नाही. दोन सँडविचला एक मोठा चमचा तेल आणि वरून थोडं लोणी लागेल, आणि मिनिटभराहून जास्त परतलात तर कोरडा पडेल. सकाळी कापलेलं ताजं मांस लगेच फ्रीझरमध्ये टाकू नका. स्नायू आखडतात आणि मांस चिवट होतं. आधी दीड-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग गोठवून कापा. मांडीचं मांस घेतलंत तर अर्ध्या किलोला कच्च्या पपईची चमचाभर पेस्ट वीस मिनिटं पुरे. तासभर ठेवलीत तर कापांचा लगदा होतो.

प्रश्न : चीजस्टेकसाठी बीफच्या तयार फ्रोझन शीट मिळतात, त्या चालतील?

उत्तर : पोट भरेल. मांस बारीक करून दाबलेल्या शीट असतात, तव्यावर खिम्यासारख्या लागतात.

प्रश्न : अस्सल चीज कोणतं?

उत्तर : यावर फिलाडेल्फियातच भांडण आहे. दक्षिण फिलाडेल्फियात १९३०च्या सुमारास पॅट ऑलिव्हिएरीने पावात स्टेक भरला तेव्हा त्यात चीज नव्हतंच, ते नंतर आलं. प्रोव्होलोन, अमेरिकन आणि चीज व्हिझ (बाटलीतलं पातळ चीज सॉस) हे तिन्ही आज चालतात. व्हिझ घेतलंत तर मिठाचा हात आखडता ठेवा.

प्रश्न : उरलेले काप कसे ठेवायचे?

उत्तर : दोन थरांमध्ये बटर पेपर घालून, दीड-दोनशे ग्रॅमची सपाट पाकिटं करून गोठवा, दोन-तीन महिने राहतात. फ्रिजमध्ये दीड दिवसाहून जास्त नको. थराच्या आतला भाग हवा न लागल्यामुळे काळपट-जांभळा दिसतो, तो खराब नसतो. वास आंबट किंवा हाताला बुळबुळीत लागलं तर टाकून द्या. शिजवताना पाकीट पूर्ण वितळू देऊ नका. अर्धवट गोठलेले असतानाच काप सुटे करून तव्यावर टाका, पाणी कमी सुटतं.